माझ्यात ढेकूण नाहीत!

मी खुर्ची बोलतेय. आणि पुढचं काही सांगायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकते. माझ्यात ढेकूण नाहीत. कधीच नव्हते. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात एकसुद्धा नाही.

हे आधीच सांगावं लागतं, कारण आमच्या क्वीन्समध्ये, देशोदेशीच्या माणसांच्या या वस्तीत, खुर्चीला नाव-गाव कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न हाच. मोबाइलचा टॉर्च लावून माझे सांधे तपासले गेलेत, मला उलटं करून माझ्या बुडाखाली सुया खुपसल्या गेल्यात, उकळतं पाणी ओतलं गेलंय. माणसांना असं तपासलं असतं तर मोर्चे निघाले असते. मी लाकडाची, मी गप्प बसते.

पण आज बोलणार आहे. आज माझा पारा चढलेला आहे आणि माझ्या मांडीवर कोणीतरी एक खोकं आणून ठेवलेलं आहे. त्या खोक्याविषयी शेवटी सांगते.

माझा जन्म इथल्याच अस्टोरियातला, रेल्वेच्या पुलाखालच्या एका सुतारखान्यातला. वरून गाडी गेली की भुसा आपोआप खाली पडायचा, झाडायची गरज नसे. थानासी नावाच्या ग्रीक सुताराने मला घडवलं. तो पोटाने मोठा आणि बोलायला कमी. खुर्ची तयार झाली की तो तिच्यावर बसायचा आणि मागच्या दोन पायांवर रेलून सबंध सिगारेट ओढायचा. कुरकुर ऐकू आली तर खुर्ची मोडून पुन्हा करायचा. म्हणायचा, "खुर्चीचा जीव मागच्या पायांत. पुढचे दोन नुसते शोभेला."

आम्ही सहा बहिणी. सहाही जणी एव्दोकियाबाईंच्या घरी गेलो. हिरव्या मखमलीची बैठक, रविवारी दुपारी मटण आणि लिंबू, आणि जेवण संपेपर्यंत भांडण. नवरा गेला, बाई थकली, मुलगा येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला. पाच बहिणी त्याने गाडीत घातल्या. माझी एक आडवी पट्टी सैल होती. तेवढ्यासाठी मला बाहेर फूटपाथवर, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांशेजारी ठेवून दिलं.

आता इथली एक रीत सांगते, ती कळली नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्याकडे चांगली वस्तू कोणी कचऱ्यात टाकत नाही. फूटपाथच्या कडेला, पिशव्यांपासून हातभर अंतर ठेवून उभी करतात. ज्याला हवी त्याने न विचारता उचलून न्यावी. आभार नाहीत, ओळख नाही. अर्ध्या क्वीन्सचे संसार असेच उभे राहिलेत. पलंग, आरसे, पाळणे, सगळं एकमेकांच्या दारातून आलेलं, आणि तरी प्रत्येकाच्या तोंडी हेच की शेजारची माणसं काही खरी नाहीत.

मला नोह नावाच्या कोरियन शिंप्याने उचललं. त्याने मखमलीवरच तपकिरी रेक्झिन ठोकलं. चौदा वर्षं तो माझ्यावर बसून पँटी आखूड करत होता. गिऱ्हाइकाशी दोन शब्द, माझ्याशी दिवसभर. दुकान बंद झालं, मी पुन्हा फूटपाथवर. मग बांगलादेशच्या शाहिदा आपा. त्यांनी रेक्झिनवर गुलाबाच्या फुलांचं मेणकापड चढवलं. त्यांच्या घरी माझ्यावर बसण्यापेक्षा उभं राहण्याचंच काम जास्त, कारण मोठी पातेली कपाटाच्या डोक्यावर असायची. आपा म्हणजे वजनदार बाई. पण थानासीच्या हातची मी, कुरकुरले नाही.

त्या मोठ्या घरात गेल्या, आणि मी तिसऱ्यांदा फूटपाथवर. माझ्या बैठकीत तीन कापडं आहेत, एकावर एक. आधीचं काढायची तसदी एकानेही घेतली नाही. त्यामुळे मी आता इतर खुर्च्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे.

मग आला हरदत.

हरदत सुखदेव मूळचा गयानाचा, वय सत्तरीच्या पुढे, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे बॉयलर दुरुस्त करण्यात गेलेली. त्याच्या पणज्याला उसाच्या मळ्यावर बोटीने नेलं, आणि याने तिथून इथे विमानाने यायचं ठरवलं. खिडकीत बांबूला पूजेची लाल झेंडी, दारात बुटांचा ढीग, आणि घरात बायको कौसिल्ला. मला खांद्यावर टाकून तो तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढला. लिफ्ट नाही. अडतीस पायऱ्या.

कौसिल्ला दारातच उभी होती.

"काय आणलंयस?"

"खुर्ची. बघ ना कशी मजबूत आहे."

"रस्त्यावरची?"

"रस्त्यावरची म्हणजे काय? सगळं रस्त्यावरच असतं. हा आपला दिवाण कुठून आला?"

"तो तू आणलास तेव्हा मी तरुण होते, मला अक्कल नव्हती. ही बाई कुठल्या घरातून आली, कोण तिच्यावर बसलं, काय माहीत? ढेकूण असतील."

"अगं, एकही नाही. मी टॉर्च लावून बघितलंय."

"तुला डॉक्टरची पाटी दिसत नाही, ढेकूण दिसणार! म्हाताऱ्या, ती खाली ने. त्या खुर्चीवर मी मेले तरी बसणार नाही."

ऐकलंत? माझ्या तोंडावर! बरं, बाई तरी कशी, तर अंगावर वीत वीत सैल झालेला झगा, डोळ्यांखाली काळं, हाताच्या नसा फुगलेल्या. कौसिल्लाची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेपाचला हरदत तिला डायलिसिसला घेऊन जायचा आणि साडेदहाच्या सुमाराला परत आणायचा. चार तास यंत्राला जोडून घेतल्यावर तिच्या पायांत काही उरायचं नाही. भिंत धरून, दर मजल्यावर थांबून, वीस मिनिटांत ती वर पोचायची. आणि अशी बाई मला नावं ठेवत होती.

हरदतने मला तळघरातल्या बॉयलरच्या खोलीत ठेवलं. तिथे मी आठ महिने बॉयलरची गुरगुर ऐकत काढले. डिसेंबरात बर्फ पडला तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

आता दुसरी रीत. बर्फ पडला की नगरपालिकेचा ट्रक रस्ता मोकळा करत जातो आणि तो सगळा ढीग कडेला लावलेल्या गाड्यांवर लोटतो. मग ज्याची गाडी त्याने फावड्याने उकरून काढायची. दोन-दोन तास लागतात, कंबर मोडते. एवढ्या कष्टाने मोकळी केलेली जागा सोडून माणूस गाडी घेऊन निघाला की मागे एक खुर्ची ठेवतो. जुनी खुर्ची, नाहीतर बादली, इस्त्रीचं टेबल, काहीही. त्याचा अर्थ असा की ही जागा माझी, परत येईपर्यंत हात लावायचा नाही. कायद्यात याला काडीचा आधार नाही, उलट मनाईच आहे. पण शंभर भाषा बोलणाऱ्या या क्वीन्समध्ये सगळ्यांना न सांगता कळणारी जी दोन-चार वाक्यं आहेत, त्यातलं हे एक.

झालं. मी पहारेकरी झाले. ज्या मला बसण्यासाठी घडवलं, त्या माझ्यावर एकही माणूस बसेना, आणि मी भर रस्त्यात बर्फात उभी. मीठ टाकलेल्या चिखलाचे शिंतोडे, कुत्र्यांचे प्रकार, येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिव्या. तीन हिवाळे! पोलंडच्या बाया पोलिशमध्ये, पंजाबी टॅक्सीवाले पंजाबीत. इथल्या माणसांना एकमेकांची भाषा येत नाही, शिव्या मात्र सगळ्यांच्या कळतात.

पण मी जागा सोडली नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा हरदतला तीन गल्ल्या पलीकडे गाडी लावावी लागली होती. येताना कौसिल्ला बर्फावर सरकली आणि मनगट मोडलं. दवाखान्यात सांगितलं, आता पुन्हा पडली आणि खुबा मोडला तर बाई उठायची नाही. हे हरदतने मला सांगितलं. हो, मलाच. फावडं टेकवून, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "दारासमोरची जागा जाता कामा नये. समजलं का?"

समजलं होतं मला. पण मला पाय चार असले तरी चालता येत नाही, ही अडचण कोणी लक्षातच घेत नाही.

तर यंदाच्या जानेवारीतला तो सोमवार.

शनिवारी मरणाचा बर्फ पडला. रविवारी हरदतने सव्वादोन तास फावडं मारलं. सोमवारी पहाटे कौसिल्लाला धरून धरून गाडीत बसवलं, गाडी काढली आणि मला जागेच्या अगदी मधोमध उभं केलं. त्याच दिवशी कचरा उचलायचा वार होता, म्हणून फूटपाथच्या कडेला काळ्या पिशव्यांची रांग लागलेली.

आठच्या सुमारास खोकी वाटणारा एक व्हॅनवाला आला. त्याला गाडी उभी करायला जागा हवी होती. त्याने मला उचललं, फूटपाथवर पिशव्यांशेजारी ठेवलं, माझ्या जागेत व्हॅन घातली, धावत वर गेला, धावत खाली आला आणि निघून गेला. मला परत खाली ठेवायला त्याला किती वेळ लागला असता? चार सेकंद! सगळ्या क्वीन्सला अशी चार सेकंदांची घाई झालेली असते.

आता गंमत बघा. फूटपाथची ती दगडी कड सहा इंच उंच. तिच्या खाली उभी असले तर मी म्हणजे कायदा, मला हात लावाल तर डोकी फुटतील. तिच्या वर उभी असले तर मी फुकटची, न्या ज्याला हवी त्याने. आणि मी वर होते.

साडेआठला ल्हामू आली.

ही आमच्याच इमारतीच्या तळघरातल्या खोलीत तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेली नेपाळची शेर्पा मुलगी, तिशीची. एका आजारी बाईपाशी रात्रभर बसायचं तिचं काम, म्हणून इमारतीत तिला कोणी धड पाहिलेलं नव्हतं. खोलीत एक गादी, एक शेगडी आणि नुकताच आलेला म्हातारा बाप. इथल्या दोन रीतींपैकी, आधीपासून इथे असलेल्या तिच्या बहिणीने तिला पहिली तेवढी शिकवली होती. दुसरी शिकवायला बर्फ पडायला हवा होता.

तिने मला पाहिलं आणि आजूबाजूला पाहिलं. मग टॉर्च काढला. काढणारच! सगळे सांधे तपासून झाले आणि ती एकटीच हसली. मला कडेवर घेतल्यासारखं उचलून सात पायऱ्या उतरून खोलीत घेऊन गेली.

"बा, बघ काय मिळालं. ऊठ, खाली नको बसू आता."

तिचा बाप आंग नुरू. चाळीस वर्षं डोंगरात ओझी वाहिलेला माणूस, गुडघ्यांची पार वाट लागलेली. खाली बसला की उठवायला माणूस लागायचं. तो भिंत धरून उठला, माझ्या पाठीला हात लावला, आधी मला मागच्या पायांवर जरा कलवून पाहिलं आणि मग बसला.

खरं सांगू? तीन हिवाळ्यांनी कोणीतरी बसलं माझ्यावर. माझी सगळी चिडचिड कुठल्या कुठे गेली. म्हातारा सुस्कारा टाकून म्हणाला, "इथून खिडकी दिसते." त्यांच्या खिडकीतून फक्त रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसायचे. पण खाली बसल्यावर त्याला तेही दिसत नसत. ल्हामूने त्याला मिठाचा चहा दिला आणि ती गादीवर लवंडली.

आणि मला दारासमोरची जागा आठवली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. ओरडता येत असतं तर इमारत जागी केली असती.

साडेनऊला विल्मर आला. हा पहिल्या मजल्यावरचा कोलंबियन, बेकरीचे पाव गाडीतून दुकानोदुकानी पोचवणारा, मानेपासून खांद्यापर्यंत नुसता बैल. पहाटे चारपासून जागा. दारासमोर मोकळी जागा दिसली तशी त्याने मेरीमातेचे आभार मानले, गाडी लावली आणि वर जाऊन झोपला.

साडेदहाला हॉर्न वाजला.

हरदतचा हॉर्न मी ओळखते. दोन छोटे. त्या दिवशी एकच वाजला, लांबलचक, थांबेचना.

"माझी खुर्ची कुठे आहे? कोणाची गाडी ही? कोण आहे तो हरामखोर?"

खिडक्या धडाधड उघडल्या. विल्मर बनियनवर बाहेर डोकावला. "काय झालं काका? आग लागली का?"

"ही जागा माझी आहे! खुर्ची ठेवली होती मी इथे!"

"कसली खुर्ची? रिकामी होती जागा."

"सव्वादोन तास फावडं मारलंय मी! खुर्ची काय चालत गेली?"

"ते तुमच्या खुर्चीला विचारा! आईशप्पथ सांगतो, इथे काही नव्हतं."

"खोटारडा! उचलून फेकलीस आणि वर आईची शपथ घेतोस?"

"आईपर्यंत जायचं नाही हां काका! रस्ता काय विकत घेतलाय तुम्ही?"

वरून कोणी बंगालीत, कोणी पोलिशमध्ये आपापलं मत देऊ लागलं. मागे अडकलेल्या बसने हॉर्न दिला. सगळे बोलत होते आणि गाडी हलवायचं नाव एकही जण घेत नव्हता. विल्मरला फक्त खाली येऊन किल्ली फिरवायची होती. हरदतला फक्त एकदा सांगायचं होतं की बायको गाडीत आहे, तिला बरं नाही. तो ते सोडून बाकी सगळं बोलला. पुरुषांना भांडणात मुद्द्याचं तेवढं आठवत नाही, हे मी एव्दोकियाबाईंच्या घरापासून बघत आलेय.

तेवढ्यात कौसिल्लाच कंटाळून गाडीतून उतरली. नवऱ्याला गप्प करायला, नाहीतर चालत घरी जायला, देव जाणे.

खिडकीतून जांभळे बूट दिसले. आंग नुरू माझ्यावर बसून बघत होता. तो एकदम पुढे वाकला.

"ल्हामू. त्या जांभळ्या बुटांची बाई पडणार."

"बा, झोपू दे ना. ते पार्किंगवरून भांडतायत."

"चाळीस वर्षं मी पुढच्याचे पाय बघत चाललोय. तिचे गुडघे गेलेत. आत्ता पडेल."

ल्हामू उठून बसली. बाहेरून पुन्हा आवाज आला, "माझी खुर्ची! लाकडाची, फुलाफुलांची!" तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गुलाबांकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बा, ही त्यांची आहे. आता मला चोर म्हणतील. तीन आठवडे नाही झाले येऊन."

म्हातारा तोवर भिंत धरून उभा राहिला होता. "म्हणू देत. आधी ने ती."

आणि तिने नेलं. झोपेतले कपडे, गळ्यात शाल, पायांत चपला, मला छातीशी धरून सात पायऱ्या धडधडत वर. कौसिल्लाने दिव्याच्या खांबाला मिठी मारली होती आणि ती खांबावरून हळूहळू खाली सरकत होती. खाली काळा कडक बर्फ. पुढचं सगळं एका क्षणात झालं. हरदतने मला पाहिलं आणि बोट रोखून ओरडला, "हीच! हीच ती चोर!" आणि ल्हामूने मला त्याच्या बायकोच्या खाली सरकवलं.

कौसिल्ला बसली.

गयानात जन्मलेली, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, मेले तरी बसणार नाही म्हणणारी कौसिल्ला सुखदेव माझ्यावर बसली. तिचं वजन ते काय! नोहच्या कपड्यांच्या गाठोड्याएवढंसुद्धा नव्हतं. तीन हिवाळे जिच्यासाठी मी चिखल खाल्ला, तिचं अंग मला पहिल्यांदाच लागत होतं.

हरदतचं बोट अजून वरच होतं.

"कौसिल्ला," तो म्हणाला, "ही तीच खुर्ची आहे."

तिने डोळे न उघडता सांगितलं, "माहीत आहे मला. ढेकूण असले तर असू देत. चावून चावून काय मिळणार त्यांना? सगळं रक्त तिकडे धुवायला देऊन आलेय."

विल्मर जिना उतरून आला होता, पायांत बूटसुद्धा नव्हते. त्याने कौसिल्लाच्या हातावरची पट्टी पाहिली. "काका, तोंडाला काय झालं होतं तुमच्या? बाईला बरं नाही हे आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलंस का?"

"पुन्हा सुरू नका करू!" कौसिल्ला म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

तोपर्यंत आंग नुरू कठडा धरत वर आला होता. एकेक पायरी, दातओठ खात. चाळीस वर्षं बर्फात ओझं घेऊन एकदाही न पडलेला हा माणूस क्वीन्सला आल्या आल्या दारातच आपटला होता, आणि तेव्हापासून बाहेर पडला नव्हता. तो आपल्या भाषेत बोलत होता आणि ल्हामू सांगत होती. बाईला उठवू नका. उचलून धरूनही नेऊ नका, जिन्यात सटकेल. खुर्चीसकट न्या.

"खुर्चीसकट? अडतीस पायऱ्या आहेत!" हरदत म्हणाला.

म्हाताऱ्याने हसून काहीतरी उत्तर दिलं. ल्हामूने ते सांगितलंच नाही. तिने गळ्यातली लांब शाल काढली, कौसिल्लाच्या छातीखालून घेऊन माझ्या पाठीला गच्च आवळली. एक गाठ म्हाताऱ्याने स्वतः मारली, ओझ्याची गाठ, ओढाल तितकी घट्ट बसणारी.

"चढताना खुर्चीची पाठ पुढे. बाईचं तोंड खालच्या बाजूला," ल्हामू सांगत होती. "दांडगा माणूस वर, पाठ धरायला. मी आणि तुम्ही, आजोबा, खाली, पुढचे पाय धरायला. बा म्हणतोय, भार मागच्या पायांवर येऊ द्या. दर पायरीला आधी ते टेकवायचे, मग श्वास, मग पुढची."

मागचे पाय! अरे, थानासीनंतर हे कळणारा माणूस मला चोपन्न वर्षांत भेटला नव्हता!

आम्ही चढलो. विल्मर वर, त्याच्या हातांना पावाचा वास. आंग नुरू खाली जिन्याच्या तोंडाशी उभा राहून एका ठेक्यात हाक घालत होता, आणि ती भाषा न कळता सगळे त्या ठेक्यावर पाय टाकत होते. एकेका पायरीवर माझे मागचे पाय टक्क, टक्क टेकत होते. दुसऱ्या मजल्यावर शेजारच्या बाईने दार उघडून "हे काय?" विचारलं, आणि कौसिल्ला म्हणाली, "वरात आहे. बाजूला हो."

मी एकदाही कुरकुरले नाही. हे लिहून ठेवा.

मग काय, सगळं गोड झालं असं वाटत असेल तुम्हाला. या गावाची तुम्हाला कल्पना नाही. कौसिल्लाला गादीवर टाकून झाल्यावर हरदत आणि विल्मर पुन्हा जागेवरून भांडले. फक्त या वेळी हळू आवाजात, चहा पिता पिता. शेवटी ठरलं ते असं की सोमवार, बुधवार, शुक्रवारी साडेदहापर्यंत विल्मर तिथे गाडी लावणार नाही आणि त्या तिन्ही दिवशी तो नि ल्हामू बाईला वर न्यायला खाली येतील. जागा राखायला रंगाची एक पालथी बादली आली.

मला आंग नुरूकडे परत द्यावं असं ल्हामू म्हणत होती. कौसिल्ला म्हणाली, "ती मला लागेल. त्यांना माझ्या स्वयंपाकघरातली एक दे. ती दुकानातून आणलेली आहे, तिच्यात ढेकूण नाहीत."

बघा! तीन मजले तिला वाहून नेल्यावरसुद्धा! एवढी मी तिला लावलेली माया, आणि शेवटी पुन्हा ढेकूण.

तेव्हापासून मी इमारतीच्या दारात आतल्या बाजूला, टपालाच्या पेट्यांखाली उभी असते. पाठीला ल्हामूची शाल बांधलेली. बर्फ केव्हाच वितळला, पण जिना वितळत नाही, त्यामुळे माझं काम चालू आहे. आंग नुरू त्या तिन्ही दिवशी हाक घालायला वर येतो. आता त्याला शब्द लागत नाहीत, नुसता घसा खाकरला तरी विल्मर पाय उचलतो.

पण उरलेला वेळ! घरमालकाने माझ्या डोक्यावर पाटी लावलीय, की दारात सामान ठेवू नये. पाटी पाच भाषांत आहे आणि पाचही भाषांतले लोक तिच्याखाली माझ्यावर सामान ठेवतात. छत्र्या, जाहिराती, पोरांचे बूट, कोणाचा तरी अर्धा खाल्लेला पाव. मी सामान नाही आणि टेबल नाही. मी कोणाच्या वाटेतही नाही. मी खुर्ची आहे आणि माझं माणूस ठरलेलं आहे.

आज बुधवार. साडेदहाला ते यायला हवे होते. आता सव्वाअकरा होऊन गेलेत.

विल्मर दोनदा दारापर्यंत येऊन रस्ता बघून गेला. ल्हामू पायरीवर बसून नखं खातेय. आंग नुरूने मघापासून एकदाही घसा खाकरला नाही. या महिन्यात कौसिल्ला आणखी हलकी झालीय, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं तिच्या डॉक्टरलाही नसेल. मागच्या शुक्रवारी वर जाताना ती माझा हात धरून झोपली होती. मी कोणाला सांगितलं नाही.

आणि माझ्या मांडीवर हे खोकं! तोच तो व्हॅनवाला, त्याला माझ्याशिवाय दुसरी जागा दिसत नाही. गेला पाऊण तास तीन माणसं माझ्याभोवती फिरताहेत, रस्त्याकडे बघताहेत, आणि एकाच्याही लक्षात येत नाही की तिला आल्या आल्या बसायला लागेल. आली की लगेच. उभं राहायची ताकद नसते तिच्यात. अहो, उचला ना ते. विल्मर, तू एवढा दांडगा, तुला एक खोकं उचलवत नाही? ल्हामू, तुझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हातारेबुवा, तुम्हाला तरी कळायला हवं, तुम्ही पाय वाचणारे...

हॉर्न.

दोन. छोटे.

आली! अरे, आली ती! सगळे बाहेर काय धावताय, आधी इकडे या! उचला ते खोकं. उचला म्हणते ना!